अप्पांच्या मागचा डोंगर

अप्पांना स्वित्झर्लंडमध्ये ठेवायला आमच्या अव्वाने साफ नकार दिला, तिथून हे सगळं सुरू झालं.

अव्वा म्हणजे माझी आई. अप्पा म्हणजे माझे वडील, लिंगैक्य गुरुबसप्पा; आम्हा लिंगायतांत कैलासवासी माणसाला लिंगैक्य म्हणतात. सोलापुरात बारदानाचं दुकान होतं त्यांचं. त्यांना जाऊन जानेवारीअखेर वर्ष होणार होतं आणि प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स चौकात लावायचा होता. फ्लेक्स लावावा की लावू नये, यावर आमच्याकडे चर्चा होत नसते. ज्याचा फ्लेक्स लागला नाही तो माणूस नक्की गेला का, याबद्दल गल्लीत शंका राहते. मी फ्लेक्सवाल्या शिवपुत्रला अप्पांचा टोपीतला फोटो दिला आणि त्याने नमुना करून पाठवला. छातीपर्यंतचे अप्पा, भोवती झेंडूची माळ, खाली आम्हा शोकाकुलांची नावं आणि मागे बर्फाचा भलामोठा डोंगर.

हा डोंगर सोलापूरकराला नवा नाही. आमच्याकडे माणूस वारला की त्याच्या मागे बर्फाचा डोंगर येतोच. सगळा जन्म चाळीस डिग्रीच्या वरच्या उन्हात काढलेली माणसं फ्लेक्सवर थेट बर्फात जाऊन उभी राहतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

घात केला तो शेजारच्या बिभीषण सरांनी. सर मूळचे बार्शीचे, हायस्कूलला भूगोल शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांचा भूगोल अंगात साठून राहिलेला आहे आणि तो बाहेर काढायला ते आमच्याकडे येतात. मी मोबाईलवरचा नमुना अव्वाला दाखवत होतो, तेवढ्यात सरांनी चष्मा कपाळावर चढवून मध्ये डोकं घातलं.

"शरणबसव, हा डोंगर आपला नाही," सर म्हणाले. "हे मॅटरहॉर्न. स्वित्झर्लंड."

"म्हंजी कुटं आलं त्ये?" अव्वाने विचारलं.

"युरोपात, काकू. लई लांब. समुद्रापलीकडं."

अव्वाने फोन माझ्या हातात परत दिला. ती रागावली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते, आणि समोरच्याला वाकून ऐकावं लागतं.

"ह्यांनी आयुष्यात अक्कलकोटाच्या पुढं पाय टाकला न्हाई," ती म्हणाली. "कैलासाला गेले म्हणून तुमी मला सांगितलं. वरीस झालं, मी तेच धरून बसले. आन् तुमी ह्यांना तितं नेऊन उभं केलं व्हय? तितं ह्यांच्याशी कोण बोलणार? ना कुणाला मराठी येतंय, ना कन्नड."

मी शिवपुत्रला फोन लावला. तो म्हणाला, "सर, माझ्याकडं तीन बॅकग्राऊंड हायत. ढगातनं उजेड येतंय त्ये एक, कमळाचं तळं एक आन् ह्यो डोंगर. डोंगर लई चालतंय. आजवर कुणी तक्रार केली न्हाई. ज्यांचा फोटो असतंय ते तर काय बोलत न्हाईत. पायजे तर नेटवरनं दुसरा घेतो की."

पण अव्वाचा आता नेटवरचा विश्वास उडाला होता. एकदा ज्याने परका डोंगर हिमालय म्हणून खपवला, त्याच्याकडचा दुसरा तरी खरा कशावरून, हा तिचा मुद्दा होता. त्यावर बिभीषण सर गालात हसले. त्या हसण्याचा मला राग आला, आणि रागाच्या भरात मी बोलून गेलो की डोंगर मी स्वतः जाऊन काढून आणतो. माझी पत्नी सिद्धेश्वरी स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि परत आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की तिला आता बोलावं लागत नाही.

कैलास पर्वत चीनच्या ताब्यात आहे, आणि थंडीत तिकडची वाट बंद असते, हे सरांनी नकाशा उघडून सांगितलं. मग त्यांनीच त्रिशूळ काढून दिला. उत्तराखंडात कौसानी नावाचं गाव आहे, तिथल्या गच्चीवरून त्रिशूळ शिखर समोर दिसतं, आणि थंडीतच स्वच्छ दिसतं. अव्वाने थोडा विचार केला. "ज्याचं त्रिशूळ, त्येचाच डोंगर असंल की," ती म्हणाली, आणि शिखर मंजूर झालं.

शिखर मंजूर झालं तरी रजा मंजूर व्हायची होती. मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. म्हणजे इतरांच्या रजेत खोट काढणं हा माझाच उद्योग, त्यामुळे माझ्या रजेची वाट सगळं ऑफिस बघत असतं. आस्थापनेच्या धनलक्ष्मी मॅडमनी अर्ज वाचला.

"वडील जाऊन वर्ष होत आलं. आता रजा कशाची?" त्या म्हणाल्या.

"त्यांच्या मागचा डोंगर आणायचा आहे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. डोंगर आणणे हे किरकोळ रजेत बसतं की अर्जित रजेत, यावर मग सगळ्या टेबलांवरून मतं आली. एकाने तर याआधी असा डोंगर आणायला कोण गेलं होतं ते बघा, म्हणून सुचवलं. शेवटी 'कौटुंबिक कारण' असं लिहून मी सुटलो, पण त्या दिवसापासून शिपाईसुद्धा चहा ठेवताना डोंगराची चौकशी करू लागला.

फ्लेक्सच्या परवान्याची तऱ्हा आणखी वेगळी. महापालिकेच्या खिडकीवरच्या साहेबांना अर्जासोबत फ्लेक्सचा नमुना हवा होता. मी सांगितलं की नमुन्यातला डोंगर अजून यायचा आहे. ते म्हणाले, मग तोवर आहे तोच डोंगर जोडा आणि आल्यावर डोंगर बदलल्याचा वेगळा अर्ज करा. असा अर्ज असतो का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. अप्पा कागदोपत्री स्वित्झर्लंडमध्येच राहिले, आणि ही गोष्ट मी अव्वापासून लपवून ठेवली.

कॅमेरा बिभीषण सरांच्या जावयाचा. दुधाच्या बरणीएवढी लेन्स. सर म्हणाले, बर्फावर कॅमेरा फसतो, पांढऱ्याचं करडं करतो, तेव्हा आधी पांढऱ्यावर हात बसवा. सोलापुरात डिसेंबरात पांढरं म्हणून काय मिळणार? मी अप्पांची दोन धोतरं काढली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर पसरली आणि शिखर तयार केलं. सकाळचं पहिलं ऊन त्यावर पडायच्या वेळी मी पालथा झोपून नेम धरला. समोरच्या गच्चीवर कस्तुराबाई पापड वाळत घालत होत्या. त्यांनी टाकीवरची धोतरं पाहिली, जमिनीवर पडलेला मी पाहिला, आणि हातातलं टाकून खाली धावल्या. थोड्याच वेळात पाच-सहा बायका डोक्यावर पदर घेऊन आमच्या दारात आल्या. कोण गेलं, कधी गेलं, असं विचारू लागल्या. सिद्धेश्वरीने त्यांना चहा केला. मी गच्चीवरून खाली आलो तेव्हा मला जिवंत पाहून त्यातल्या दोघींची थोडी निराशाच झाली.

निघायच्या आठवड्यात अव्वाने सांगितलं की तीही येणार. मी हादरलो. शहात्तर वय, गुडघे दुखतात, पायात आयुष्यभर चपलेशिवाय काही घातलेलं नाही. सगळ्यांनी तिला समजावलं. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात आणि गड्ड्याची जत्रा भरते; तिच्या तोंडावर सोलापूर सोडून कोणी जातं का, हाही मुद्दा झाला.

"नंदीध्वजाच्या आधी मी परत येणार," अव्वा म्हणाली. "पन जानार. ह्येला डोंगर वळखू येतंय का? मागच्या टायमाला परका डोंगर बघून गप बसला हुता."

हे बिनतोड होतं. दिल्लीच्या गाडीत आम्ही बसलो तेव्हा आमच्याबरोबर कडक भाकरीचा एक डबा, शेंगाची चटणी, चार चादरी आणि तिकाटण्यासकट तो कॅमेरा एवढं होतं. चादरींबद्दल एक शब्द सांगितला पाहिजे. जगात कितीही थंडी पडली तरी ती सोलापुरी चादरीला भेदू शकत नाही, अशी आम्हा लोकांची श्रद्धा आहे, आणि त्यापायी मी जाड जाकीट विकत घेतलं नाही. काठगोदामला उतरलो तेव्हाच ती श्रद्धा डळमळली. वर अल्मोड्याच्या पुढे गेल्यावर मी दोन चादरी अंगावर घेऊन जीपमध्ये बसलो होतो, आणि अव्वा एक चादर पांघरून खिडकीतून दऱ्या बघत होती. सोलापूरचं नाव राखायचं ते तिनेच राखलं.

कौसानीच्या लॉजचे मालक पंतजी. म्हातारे, सौम्य गृहस्थ. अव्वा जीपमधून उतरली, चपलेत मोजे घातलेले पाय सावरत दोन पावलं चालली आणि तिने त्यांना विचारलं, "तुमारा त्रिशूळ किदर है?"

पंतजींनी उत्तरेला हात केला. तिकडे पांढरं धुकं होतं. बाकी काहीच नव्हतं.

"कल सुबह दिखेगा, माताजी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिसला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. अव्वा पहाटे उठायची, त्या थंडीत अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावून इष्टलिंगाची पूजा करायची आणि मग गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन धुक्याकडे तोंड करून बसायची. मी शेजारी तिकाटणं मांडून उभा. इतर पर्यटक यायचे, धुकं बघून नाराज व्हायचे, आणि नाष्ट्याला जायचे. अव्वा हलायची नाही. स्वयंपाकिणीने नाचणीची रोटी आणून दिली तर ही भाकरीच की म्हणून तिने तिथेच बसून खाल्ली.

मी मात्र हललो, आणि वाईट रीतीने हललो. गच्चीच्या फरशीवर दवाचा बर्फ झाला होता. एका सकाळी धुकं जरा विरळ झाल्यासारखं वाटलं म्हणून मी घाईने तिकाटण्याकडे निघालो, पाय सटकला आणि माकडटोपी, दोन चादरी आणि कॅमेरा यांसह मी बसकण मारत थेट नवविवाहित जोडप्यांच्या घोळक्यात गेलो. कॅमेरा मी छातीशी धरून वाचवला. अब्रू धरायला हात उरला नव्हता. कोणीतरी मला उचलण्याऐवजी आधी माझे फोटो काढले. त्या गच्चीवर त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त फोटो त्रिशूळाचे नव्हे, माझे निघाले असतील, अशी माझी समजूत आहे. बायका नवऱ्यांच्या मागे तोंड लपवून हसत होत्या. अव्वा हसली नाही. ती खुर्चीतूनच म्हणाली, "लागलं का रं, शरणू?" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पडल्यामुळेच आलं असावं.

शेवटची सकाळ आली. त्या दिवशी निघालो नाही तर गाडी चुकणार आणि अव्वाचा गड्डा हुकणार होता. गड्डा हुकला असता तर जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि डोंगर न घेता गेलो असतो तर अप्पा चौकात परक्या डोंगरापुढे उभे राहिले असते. मी अंधारातच गच्चीवर गेलो. चांदण्या दिसत होत्या. हळूहळू समोरची काळोखी फिकट झाली, आणि तिच्यातून एक टोक वर आलं. मग दुसरं. मग तिसरं.

मी आजवर फ्लेक्सवर इतके बर्फाचे डोंगर पाहिले होते की खरा डोंगर पाहून काय वाटायचं ते माझ्या मनाने आधीच ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच वाटलं नाही. मला भीती वाटली. एवढं मोठं काहीतरी इतके दिवस समोर उभं होतं आणि आपण त्याच्यापुढे चटणी-भाकरी खात बसलो होतो, याची भीती. टोकांवर आधी गुलाबी उजेड पडला, मग सोनेरी, मग सगळं पांढरंशुभ्र झालं. पहिले काही फोटो लेन्सचं झाकण न काढता काढले, हे मान्य करतो. त्यानंतरचे चांगले आले. धोतरांवर बसवलेला हात कामाला आला.

अव्वा खुर्चीतून उठून उभी राहिली होती. हात जोडलेले. ओठ हलत होते, पण ती मंत्र म्हणत नव्हती, कन्नडमध्ये कोणाशी तरी घरातलं बोलत होती. दुकानाची किल्ली, सुनेचं दुखणं, असं काहीतरी. मी दुसरीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या दोघांच्या बोलण्यात मी कधी पडलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"झालं ह्यांचं?"

"झालं, अव्वा. लई छान आलाय."

"मग आता माझा घे."

मला आधी वाटलं, तिला आठवणीसाठी फोटो हवाय. मी हो म्हणालो. ती कठड्याजवळ जाऊन त्रिशूळाकडे पाठ करून उभी राहिली, पदर नीट केला, मान सरळ केली. मग म्हणाली, "छातीपत्तुर घे. पाय नगं. शिवपुत्रला पाय लागत न्हाईत."

मी कॅमेरा खाली घेतला.

"असा का बघतूस?" ती म्हणाली. आवाज खाली गेला होता, मला जवळ जाऊन ऐकावं लागलं. "ह्यांच्या टायमाला तुला रजा मिळायला किती मारामार झाली. माझ्या टायमाला कोण सोडणार तुला? मग त्यो शिवपुत्र मला न्हेणार त्या परक्या डोंगरावर. ह्ये हितं, आन् मी तितं. असं नगं मला. आलोच हाय तर दोघांचंबी करून ठेव."

तिच्या दृष्टीने ही निव्वळ सोयीची गोष्ट होती. एका खेपेत दोन कामं. मी डोळा कॅमेऱ्याला लावला. चौकटीत मधोमध अव्वा, विभूती लावलेलं कपाळ, हिरव्या इरकलीचा पदर, आणि तिच्या मागे, जिथे असायला हवं तिथे, बर्फाचं शिखर. उजेड उत्तम होता. याहून चांगला फोटो मला जन्मात मिळाला नसता. पण आमच्या सोलापुरात अशा डोंगरापुढे जिवंत माणूस मी कधी पाहिला नव्हता. त्या चौकटीत माळ तेवढी घालायची राहिली होती.

"काढ की," अव्वा म्हणाली.

बटण दाबायच्या क्षणी मी हात हलवला. आपोआप हलला नाही, मी हलवला. पुन्हा काढतो म्हणालो आणि पुन्हा हलवला. मग बॅटरी थंडीने संपल्याचं सांगून मी कॅमेरा पिशवीत भरला, आणि सामान आवरायच्या निमित्ताने खोलीत जाऊन थोडा वेळ बसलो.

सोलापुरात परतल्यावर अप्पांचा फ्लेक्स झाला. शिवपुत्रने मजकुराला जागा मिळावी म्हणून त्रिशूळ उलटा फिरवला, डावीकडचं टोक उजवीकडे गेलं, आणि बर्फ कमी पांढरा आहे म्हणून त्यावर आणखी पांढरा मारला. पुण्यस्मरणाला आलेल्या लोकांनी फ्लेक्स पाहिला आणि नेहमीचा आहे म्हणून कोणी काही बोललं नाही. बिभीषण सरांनी मात्र बराच वेळ निरखून हा आल्प्सकडचा वाटतो, असं मत दिलं. एवढा अपमान गिळून मी पंगत वाढली. अव्वा फ्लेक्सखाली उभी राहिली, वर पाहिलं आणि हात जोडले. तिची खात्री पटली होती. मला तेवढं पुरलं.

पाहुणे गेल्यावर तिने मला हाक मारली. "माझा दाव."

मी फोनवर उघडून दाखवला. एक पांढरा फराटा, त्यात मिसळलेला एक हिरवट फराटा. दुसऱ्या फोटोतही तेच. अव्वाने फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला.

"हललंय," ती म्हणाली.

"थंडीने हात हलला, अव्वा."

"बापाचा काढताना न्हाई हलला तो."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी ती अशी बघायची तेव्हा मी सगळं कबूल करून टाकायचो, आणि त्या दिवशीही तेच होणार होतं. पण तिनेच नजर काढून घेतली, फोन मला परत दिला आणि मांडीवरचा पदर झटकला.

"मग पुन्यांदा जावं लागंल की," ती म्हणाली.

"जावं लागेल."

"पुढच्या थंडीला."

"पुढच्या थंडीला नाही जमलं तर त्याच्या पुढच्या."

"जमायला काय झालंय," अव्वा म्हणाली.

तेव्हापासून ती रोज सकाळी गुडघ्याला तेल चोळते आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालून येते. वाटेत कस्तुराबाई भेटतात, या वयात एवढं चालणं कशाला म्हणून विचारतात. अव्वा थांबून त्यांना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते की डोंगराला जायचंय, पोराला अजून धड फोटो काढता येत न्हाई. आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं माझ्याकडे बघतात. मी ऐकून घेतो.